चार बोटं आखूड

सहलीची बस सकाळी सात वाजता सुटणार होती आणि आजी साडेपाचलाच बूट घालून दाराशी बसल्या होत्या. सुनेने दोनदा समजावलं, “आई, राजवाडा काही पळून जात नाही.”

“राजवाडा नाही जात, माझे डोळे चाललेत,” आजी म्हणाल्या. सूनबाईने डबा भरला आणि पाण्याची बाटली शोधायला लागली.

आजी काही वाढवून सांगत नव्हत्या. गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर इतकी उतरली होती की माणसं आवाजावरून ओळखायची आणि पायऱ्या पायाने चाचपायच्या, अशी वेळ आली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. रंगांपैकी पिवळा अजून सोबतीला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पुढच्या वर्षापर्यंत तेवढंही टिकेल असं धरून चालू नका. मग मुलाने विचारलं, “आई, एकदा काय बघावंसं वाटतं, ते सांग.” त्याला वाटलं होतं, समुद्र म्हणेल. आजी म्हणाल्या, “राजवाडा. त्यातलं दरबाराचं दालन. आणि दुपारचं. सकाळी नेलंत तर मी यायची नाही.”

दुपारचाच हट्ट का, ते त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते बसमध्ये, सुनेला, अर्धा रस्ता सरल्यावर. चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदाची बाहेर आली.

मुलगा तीन वर्षांचा होता, तेव्हा आजी एका शिवणकामाच्या कारखान्यात जात होत्या. लांबलचक खोली, वीस मशिनी, मधोमध कापड पसरायचं मोठं टेबल आणि त्या सगळ्यावर मास्तर. गळ्यात टेप, कानावर खडू आणि नाकावर राग. एके दिवशी राजवाड्याचं काम आलं. दरबाराच्या आठ खिडक्यांना आठ मखमली पडदे, मागून जाड काळं अस्तर, कारण खिडक्या पश्चिमेच्या आणि दुपारचं ऊन सिंहासनाच्या मुलाम्याला सोसत नाही. खालची दुमड सगळी हाताने घालायची होती. मास्तरांनी आठ बायका निवडल्या आणि आजी त्यांत सगळ्यांत नवीन, म्हणून दाराजवळच्या कोपऱ्यातली, कोणाच्या नजरेत न भरणारी खिडकी त्यांच्या वाट्याला आली.

“आणि तिथेच मी घोळ घातला,” आजी म्हणाल्या.

झालं होतं असं, की गोदामात मखमलीचा एक तुकडा दांडीवर लटकत राहिला होता. आजींनी सहज गंमत म्हणून भिंतीवर खडूची खूण केली. महिन्याभराने बघतात तो कापड खुणेच्या चार बोटं खाली. स्वतःच्याच वजनाने उतरलं होतं. टेबलावर मापलेला पडदा टांगल्यावर तेवढाच राहणार नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मास्तरांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी आपल्या पडद्याची दुमड चार बोटांऐवजी आठ बोटांची घातली. कापड कापलं नाही, जादाचं आत दुमडून ठेवलं. चुकलंच तर उसवून सोडता येईल, एवढा विचार केला होता.

पडदे न्यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी टेप लावली. सात बरोबर भरले आणि आठवा चार बोटं आखूड.

“वीस बायकांसमोर मला उभं केलं,” आजी सांगत होत्या. “म्हणाले, राजवाड्याचा पडदा आणि तू झबलं शिवतेस? मी सांगायला गेले, मास्तर, कापड उतरतं. तर म्हणाले, आता कापडाची अक्कल तू मला शिकवणार? सगळ्या हसल्या. मी माझी कात्री उचलली आणि चालू पडले.”

“मग त्यांनी तो उसवला?”

“काय माहीत! महिन्याभरात तुझ्या सासऱ्यांची बदली झाली, गावच सुटलं. तेव्हापासून मी गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले, पडद्याला म्हणून हात लावला नाही. रोज सुईत दोरा ओवताना मनात यायचं, बाई, तो पडदा टेकला असेल का गं जमिनीला? का लोंबकळतोय अजून चार बोटं वर, सगळ्या जगाला दिसेल असा?” आजी सुनेकडे वळल्या. “तेवढंच बघायचंय मला. मी बरोबर होते, का मास्तर.”

राजवाड्याच्या फाटकाशी गाइड भेटली. तरुण मुलगी होती आणि हातात पिवळी छत्री उंच धरलेली. आजींनी तिथल्या तिथे तिचं नाव छत्रीबाई ठेवलं. “मंडळी, छत्री दिसते ना? तिच्या मागे मागे यायचं. चुकामूक झाली तर मी शोधत बसणार नाही, राजाच्या तळघरात जाल,” छत्रीबाई म्हणाली आणि तीसजणांची बस हसत तिच्या मागे निघाली.

आधी बाग होती. बाग म्हणजे आजींच्या मनात चार फुलझाडं आणि एक बाकडं. इथे तर चालून चालून पाय भरून आले तरी रस्ता सरळ पुढे जातच होता. दोन्ही बाजूंना एकाच उंचीला छाटलेली झाडं. आजींना झाडं दिसत नव्हती, पण सावली, ऊन, सावली, ऊन असं एकसारख्या मापाने तोंडावरून सरकत होतं आणि त्यावरूनच त्यांनी ओळखलं की झाडं कुणीतरी दोरी लावून लावली आहेत. “माप चुकलं नाही हो कुठे,” त्या पुटपुटल्या. रस्त्याच्या शेवटी सगळे थांबले. छत्रीबाईने घड्याळ बघितलं, म्हणाली, “आता बोलू नका.” आणि जमिनीखालून एक घरघर झाली आणि कारंज्याचं पाणी उठलं.

आजींनी मान वर केली, अजून वर केली. समोर नुसता उजेड उभा होता. घराच्या दुप्पट उंचीचा, हलणारा, वर जाऊन फुटणारा उजेड. बसभर अखंड बोलणाऱ्या कॅमेरेवाल्या गृहस्थानेसुद्धा कॅमेरा खाली घेतला. तुषार तोंडावर आले तेव्हा आजींनी सुनेचा हात घट्ट धरला. इतकं काही आपल्याला अजून दिसू शकतं, हे त्यांना खरंच वाटेना. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

दालनात शिरायला तीन वाजले. दाराशी सगळ्यांनी बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या आणि मऊ, बिनआवाजाचे पाय घेऊन आत गेले. आत गारवा होता आणि अंधूक होतं. कुणीतरी खोकलं. तो आवाज वर गेला, खूप वर, आणि बऱ्याच वेळाने परत आला. एवढ्यावरून आजींना छताची उंची कळली. झुंबरांच्या काचा ठिपक्या-ठिपक्यांनी चमकत होत्या. समोर कुठेतरी पिवळं, जड असं काही झळकत होतं, ते सिंहासन. इथे माणसं श्वास रोखून उभी राहिली असतील, आजींना वाटलं. क्षणभर त्या पडदाबिडदा सगळं विसरल्या.

मग आठवलं.

“सूनबाई, दाराजवळची शेवटची खिडकी. पडदा ओढलेला आहे?”

“आहे, आई. सगळेच ओढलेत.”

“टेकलाय का जमिनीला?”

“टेकलाय की! अगदी छान टेकलाय.”

उत्तर जरा लवकर आलं. ही सून म्हणजे गुणाची पोर, पण अळणी भाजीलाही झकास म्हणणारी. समोरच्याचं मन मोडायचं तिच्या जिवावर येतं. आजींनी तिचा हात सोडला, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपर्यंत गेल्या आणि कोणाला काही कळायच्या आत आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर आणि मग सरळ पालथ्या झाल्या. गाल संगमरवराला लावला. एवढ्यासाठी तर दुपार हवी होती. पडद्यामागे ऊन होतं. फट असेल तर उजेड दिसणार, आणि उजेड त्यांना दिसत होता.

दिसला. पडद्याखालून पांढरी, लखलखीत रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“पडल्या! आजी पडल्या!” एकच गलका झाला. छत्रीबाई धावत आली. कॅमेरेवाला म्हणाला, “पडल्या कुठल्या, सिंहासनाला लोटांगण घातलं त्यांनी!” आणि दोघंतिघं हसले. सुनेने काखेत हात घालून त्यांना उठवलं, तेव्हा आजींचं तोंड पार उतरलं होतं.

“आखूडच आहे गं,” त्या म्हणाल्या. “मास्तर बरोबर होते.”

सुनेला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात भिंतीशी स्टुलावर बसलेली दालनाची राखणदारीण उठून आली. हातात लांब दांड्याचा झटकणा, डोक्यावर पांढरे केस. “आजी, तुम्ही पडद्याखाली बघत होतात?” तिने विचारलं. “यंदा निवृत्त होतेय मी. इतक्या वर्षांत लोकांनी छत बघितलं, सिंहासन बघितलं. पडद्याखाली बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“हा कोपऱ्यातला मी शिवला होता,” आजी म्हणाल्या. “आखूड शिवला.”

“हा एकटाच कुठे? आठांपैकी सातांच्या खालून उजेड येतो. नवे होते तेव्हा मापात होते म्हणतात, पण वर्षभरात जे उतरले ते जमिनीवर लोळायलाच लागले. फरशी पुसायच्या यंत्रात अडकायचे, फाटायचे. मग वर दुमडून घेतले. पुन्हा उतरले, पुन्हा दुमडले. कधी जास्त, कधी कमी. एका पडद्याला मात्र आजवर कोणी सुई लावली नाही. सिंहासनामागचा.”

“त्याची दुमड किती आहे?” आजींचा आवाज एकदम बदलला.

“बाकीच्यांच्या दुप्पट. आठ बोटं तरी असेल.”

“आणि टाके?”

“उलटे आहेत. मी रोज झटकते ना, बोटांना कळतं. डावखुऱ्या माणसाचं काम आहे ते.”

आजींनी आपला डावा हात पुढे केला. राखणदारीण त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी नुकतीच कामाला लागले होते. पडदे लावून वर्ष झालं असेल. एक म्हातारा शिंपी आला होता, गळ्यात टेप. सगळे पडदे बघितले, घाईत तसाच आखूड लावलेल्या कोपऱ्यातल्या पडद्यापाशी खाली बसला तो अर्धा तास उठला नाही. मग शिडी मागितली. मी धरली होती शिडी. कोपऱ्यातला काढून त्याने स्वतःच्या हाताने सिंहासनामागे लावला, आणि तिथला इथे. मी विचारलं, का हो? तर म्हणाला, टेप माझ्या गळ्यात होती, पण कापड त्या बाईला कळलं होतं. ती कोण, ते काही मी विचारलं नाही.”



“मग येऊन सांगायला काय झालं होतं मेल्याला!” आजी कडाडल्या. ते शब्द छतापर्यंत जाऊन परत आले. “चाळीस वर्षं, बाई! चाळीस वर्षं!” आणि त्या रागातच हुंदका आला, हुंदक्यातच हसू आलं, आणि त्यांचं त्यांनाच कळेना की आपण काय करतोय.

राखणदारिणीने छत्रीबाईकडे बघितलं. नियम असा होता की दोरीच्या पलीकडे कोणी जायचं नाही. छत्रीबाईने छत्री ताडकन वर केली. “मंडळी, आता सगळ्यांनी छताकडे बघायचं! अगदी मान मोडेपर्यंत! मी सांगेपर्यंत कोणी खाली बघायचं नाही!” आणि सगळ्या माना एकदम वर गेल्या. कॅमेरेवाल्याने तर टोपीही काढली.

राखणदारिणीने दोरी उचलली. आजी, सून आणि ती, तिघी सिंहासनाच्या चौथऱ्याला वळसा घालून मागे गेल्या. आजींनी हात पुढे केला आणि तो मखमलीत बुडाला. त्या खाली बसल्या, काठ हातात घेतला, अंगठा दुमडीवरून फिरवला. टाका, टाका, टाका. उलटे, तिरके, एकाही ठिकाणी न सुटलेले. आत जादाचं कापड होतं तसंच होतं. एकतीस वर्षांच्या एका बाईने भीतभीत आत लपवलेलं.

बराच वेळ तो काठ त्यांच्या हातात होता. मग सोडला. पडदा जड अंगाने हलला, थोडा डोलला आणि थांबला.

“सूनबाई,” आजी म्हणाल्या, “टेकला का गं? खोटं सांगायचं नाही.”

आजींना कपड्यांची सळसळ ऐकू आली, मग बांगड्यांचा दगडावर आवाज. सून पालथी झाली होती, गाल संगमरवराला लावून, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत. तिने घाई केली नाही.

“अंधार आहे, आई,” ती खालूनच म्हणाली. “एवढीसुद्धा रेघ नाही.”

आजींनी मान हलवली. या वेळी त्यांना खरं वाटलं.