कॉलबुक

"चार वाजले. ऊठ, सही कर." देवरामने लेकीच्या दारावर तीन थापा मारल्या. आनंदीने फटीतून हात काढून वही घेतली, काहीतरी खरडलं आणि परत दिली. त्याने ती न बघताच टेबलावर टाकली.

देवराम जयपूरच्या रेल्वे लोको शेडमध्ये कॉलबॉय होता. वय बावन्न, डोक्याचं पार मैदान झालेलं, तरी हुद्दा बॉयच. गाडीच्या वेळेआधी ड्रायव्हरचं दार वाजवायचं, कॉलबुकात सही घ्यायची, की आपली जबाबदारी संपली. बरं नसेल तर ड्रायव्हर सहीच्या जागी 'सिक' लिहायचा. मग देवराम एक शब्द न बोलता माघारी फिरे आणि दुसऱ्याचं दार वाजवी. सव्वीस वर्षांत एकही 'सिक' त्याच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

लेकीलाही त्याने पहाटे अभ्यासाला उठवण्यासाठी तसंच कॉलबुक घातलं होतं. आनंदी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, पीएमटीत, दोनदा आपटलेली. एकदा अकरा मार्कांनी, एकदा चौतीसांनी. आज तिसरी खेप. हात कापतात म्हणाली, तेव्हा त्याने बदाम आणले होते. मागच्या पंधरवड्यात एकदा म्हणाली होती, "बाबा, मतलब... पान दिसतं, पण डोक्यात काही जातच नाही." तो म्हणाला होता, "थोडेच दिवस राहिलेत. नेट लाव."

बायको थोरलीच्या बाळंतपणाला भुसावळला गेलेली. पेपर दहा ते एक. देवराम पावणेबाराला ड्यूटीवरून परतला तो स्टेशनवरच्या दोन कचोऱ्या घेऊन. दाराशी आनंदीच्या चपला होत्या.

ती टेबलापाशी बसली होती. इस्त्रीचा सलवार-कमीज, घट्ट वेणी. हॉल तिकीट कंपासपेटीखाली दाबलेलं.

"अगं, पेपर?"

"तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल ना," ती शांतपणे म्हणाली. "मी लिहिलं होतं, बाबा."

देवरामने कचोऱ्या टेबलावर ठेवल्या. त्याने वही उघडली. आजच्या तारखेपुढे सुवाच्य अक्षरात 'सिक'. कालही तेच. त्याने पान उलटलं. नऊ दिवस. परक्यांच्या सह्या दिव्याखाली धरून वाचणाऱ्या देवरामने घरची वही एकदाही वाचली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"आता झोपू?" तिने विचारलं.

"झोप, बाळा."

ती आहे त्या कपड्यांत आडवी झाली. डोळे मात्र उघडेच, वरच्या पंख्याकडे. देवराम बराच वेळ वाट बघत राहिला. ते मिटले नाहीत.

मग त्याने पेन्सिल घेतली, शेवटच्या 'सिक'पुढे साडेबारा अशी वेळ टाकली, खाली आपली सही केली. वही काखेत मारून तो सवयीने पुढच्या दाराकडे निघाला आणि उंबऱ्यावर थांबला. बोलवायला दुसरं कुणी नव्हतं.