जांभळ्या दिव्याचा आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, पण कधी पाण्याचा कॅन, कधी गॅसचं सिलिंडर, काही ना काही ओढत चाललेली असायची. बाई तिच्या मार्गदर्शक. शिकवता शिकवता केस पिकलेल्या आणि कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ जड होणाऱ्या.

मुंगीचं काम थोडक्यात असं. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडच्या काड्या उगवायच्या, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्यांवर मँगनीज ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा. अशा पट्टीत वीज साठते, आणि समोर दिवा लावला की जास्त साठते. किती जास्त? तर चक्क दीडपट!

तो आकडा पाहून बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तो विभागप्रमुखांच्या कानावर घातला आणि विभागप्रमुखांनी साऱ्या जगाच्या. परिसंवाद ठरला. ज्यांच्या प्रश्नांनी भल्याभल्यांना घाम फुटे, ते पाहुणे प्राध्यापकही यायचे ठरले.

परिसंवाद तोंडावर आला असताना एका दुपारी मुंगी बाईंच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"बाई, एक शंका आहे. दिवा तापतो."

"दिवाच तो. तापणारच."

"पण पट्टीजवळ बोट नेलं तर चटका बसतो. मग वीज जास्त साठते ती उजेडामुळे की उष्णतेमुळे?"

बाई चमकल्या. हा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही? चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "नंतर बघू. आधी परिसंवाद होऊन जाऊ दे."

मुंगी हलली नाही. "तिथे बोलताना माझे पाय लटपटले तरी चालतील, बाई. आकडा लटपटायला नको."

बाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग उठून पदर खोचला. "चल."

दोघींनी पट्टीभोवती पाणी खेळतं ठेवलं, म्हणजे ती तापायला नको. दिवा लावला आणि संगणकाच्या पडद्यावर नजर लावून बसल्या. दीडपटीची हवाच निघून गेली. अंधारातल्यापेक्षा वाढ उरली जेमतेम एक दशांश. बाईंचा चेहरा पडला.

मुंगी मात्र खणातून छोटे रंगीत दिवे काढत होती. तापणारे नाहीत असे. काड्या जांभळा उजेड शोषतात, लाल नाही. जांभळा लावला, वाढ आली. लाल लावला, ढिम्म. पट्टी बदलून पाहिली. पुन्हा तेच.

"उरलंय ते उजेडाचंच आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "थोडं आहे, पण खरं आहे."

परिसंवादाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत मुंगीचे वडील बसले होते, आपलं केशकर्तनालय अर्धा दिवस बंद ठेवून. मुंगीने आधी मोठा आकडा पडद्यावर दाखवला आणि मग स्वतःच त्यावर काट मारली. कुजबूज सुरू झाली. विभागप्रमुखांनी मान वळवून बाईंकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर खुर्चीखाली शिरली असती. बाई ताठ बसून राहिल्या.

मुंगीचं बोलणं संपलं तसे पाहुणे उठले. "तुमचा लहान आकडा पटला. पण तो चुकलेला मोठा आकडा दाखवला नसता, तरी कुणाला कळलं नसतं. का दाखवलात?"

"सर, असाच दिवा आणखी कुणी वापरत असेल, तर त्याची मेहनत वाया जायला नको."

पाहुण्यांनी कान खाजवला.

"मी वापरतो," ते म्हणाले.

असा काही हशा पिकला, की विभागप्रमुखांनाही हसू आवरेना. पाहुण्यांनी तिथल्या तिथे मुंगीकडून दोन पट्ट्या मागून घेतल्या, आपल्याकडे तपासायला.

गर्दी पांगल्यावर वडील बाईंजवळ आले. "बाई, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आमची पोर पास झाली ना?"

"यात पास-नापास नसतं हो," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं शिकवतेय. आज माझी विद्यार्थिनी माझ्यापुढे गेली. मला असं मिरवावंसं याआधी कधी वाटलं नव्हतं."

वडिलांनी नुसते हात जोडले.

पुढे त्या पट्ट्या पाहुण्यांच्या प्रयोगशाळेत तपासून झाल्या आणि बाईंचा फोन वाजला. तिकडेही वाढ एक दशांशच आली होती. जांभळ्यात येत होती, लालमध्ये नाही. पाहुणे अभिनंदन करू लागले, तसं बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"आकडा तिचा आहे. तिलाच सांगा," म्हणत त्यांनी फोन मुंगीच्या हातात दिला आणि ती काय बोलते ते ऐकत शेजारीच उभ्या राहिल्या.