आधीचा हात

कॉम्प्युटर चालू असतानाच तिने त्याचं बाजूचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. पडद्यावर आकडा होता बारा टक्के. नऊला सुरू केलेलं काम, आणि आता दहा वाजले होते. कॉम्प्युटर नव्या पुलाची फिल्म बनवत होता आणि ती चार वाजता समितीपुढे लावायची होती; या चालीने ती पाचच्या आत काही तयार होत नव्हती. आधीच्या दोन तारखा चुकल्या होत्या. आज चुकली तर काम दुसरीकडे जाईल, असं समितीने अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

"परवा तुम्ही हा उघडला होता ना, बाबा?"

वडील दारात उभे होते. उभा जन्म रेडिओ दुरुस्तीत गेलेला माणूस. कशावर धूळ दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागत.

"पंख्यावर बोटभर धूळ होती. काढली."

"आणि मेमरीच्या पट्ट्या?"

"काढल्या, पुसल्या, परत बसवल्या."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. चार खाचांपैकी पहिल्या दोनांत पट्ट्या शेजारीशेजारी बसल्या होत्या. मैत्रिणीने आत्ताच फोनवर बजावलं होतं, मधे एक खाच सोडून दुसरीत आणि चौथीत बसव. तशा बसल्या की दोघी एकाच वेळी कामाला लागतात. शेजारी बसल्या की दोघींना मिळून एकच वाट, आणि सगळं रांगेत तुंबतं.

"बसवल्यात आपल्या जोडीने! विचारायचं तरी. माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही. यापुढे याला हात लावायचा नाही."

ते आत गेले. तिने बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. बंद केलं की तासाभराचं काम पाण्यात जाणार. नाही केलं तर चार वाजता हात हलवत जायचं.

वडील परत आले ते वही घेऊन. काहीही सुटं करण्याआधी त्याचं चित्र काढायचं, ही त्यांची दुकानातली शिस्त. पानावर परवाची तारीख होती, खाली कॉम्प्युटरच्या आतला बोर्ड हुबेहूब उतरवला होता, आणि पहिल्या दोन खाचा पेन्सिलने भरल्या होत्या.

चित्राखाली नेहमीसारखं लिहिलं होतं, 'आधीचा हात'. आपल्यापूर्वी हे कोणी उघडलं, ते तिथे टिपायचं. ती जागा कोरी होती.

बोर्ड पट्ट्यांसकट तिनेच जोडला होता, तीन वर्षांपूर्वी, कुणालाही जवळ फिरकू न देता. तेव्हापासून मशीन जुनं झालं म्हणून ती कुरकुरत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू घाईत होतीस."

तिने बटण दाबलं. आकडा गेला, पंखा थांबला. तिने वायर काढली आणि खुर्ची मागे घेतली.

"तुम्हीच बसवा. दुसरी आणि चौथी."

"हात लावू ना?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. तिने नुसती मान हलवली आणि टॉर्च धरला.

सव्वादहाला काम नव्याने सुरू झालं. दहा मिनिटांनी पडद्यावर तीन आलं. तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा एकदा केला. चारला दहा-बारा मिनिटं कमी. जेमतेम, पण होत होतं.

वडील झाकण लावत होते. वही टेबलावर उघडीच होती. तिने पेन्सिल उचलली आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'मी'.