गुऱ्हाळाची काहील पुरात उतरली

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस उकळून गूळ करायची मोठी, पसरट लोखंडी कढई. शाहूपुरीतल्या निसारभाईंच्या मुलीचं, रशिदाचं, लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला घडवलं, म्हणजे १९९४ साली. लग्नाच्या गडबडीतही माझ्या जोडाचा एकेक खिळा त्यांनी स्वतः ठोकला. मला न्यायला आलेल्या केरबांना ते म्हणाले, "गळली तर माझ्या दारात आणून आपटा. पन गळायची न्हाई."

केरबांचं गुऱ्हाळ पंचगंगेच्या काठच्या गावात होतं. माझ्याखाली जाळ घालायचं काम आकारामचं. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड अंगणात वाळवायचं आणि तेच जाळायचं, अशी आमची रीत. त्याची बायको धोंडुबाई चिपाड पसरायची, उलटायची. दसरा झाला की गुऱ्हाळ सुरू व्हायचं आणि उन्हं तापेपर्यंत चालायचं. आमच्या गुळाचा रंग बघून बाजारातली माणसं थांबायची. माझंही कौतुक व्हायचं.

मग पाऊस बिघडला. दिवाळी झाली तरी तो हटेना. ऐन हंगामात ढग यायचे आणि वाळलेलं चिपाड तासाभरात भिजवून जायचे. ओल्या चिपाडाचा नुसता धूर. रस वेळेवर उकळेना, गूळ काळा पडू लागला. केरबा वैतागून म्हणायचे, "आज बंद. घरला जावा." गुऱ्हाळ बंद म्हणजे मजुरी बंद. असे दिवस दरवर्षी वाढत गेले. शेवटी आकारामचं घर एका म्हशीच्या दुधावर येऊन टेकलं.

शिकलेली माणसं सांगतात, जगाची हवा तापली आहे, म्हणून पाऊस असा वागतो. असेल. ज्यांनी ती तापवली ते कुठे राहतात, मला ठाऊक नाही. आमच्या गावच्या खालच्या गल्लीत राहत नाहीत, एवढं नक्की. तिथे आकाराम राहायचा, मातीच्या भिंतींच्या घरात. केरबांचं घर वर, टेकाडावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी गावात शिरली. आकाराम हलेना. २००५ साली पाणी जिथवर चढलं होतं, तिथे त्यानं भिंतीवर डांबरानं रेघ ओढली होती. त्याहून वर पाणी येतच नाही, असं सगळी गल्ली धरून चालली होती. म्हातारी माणसंही तेच सांगायची. त्यांनी पाहिलेला पाऊस वेगळा होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माणसं काढायला येणारी नाव वेळेवर आली नाही. तेव्हा केरबांचा मुलगा ऋतुराज आणि त्याच्या मित्रांनी मला पाण्यात सोडलं. आमच्याकडे पुरात काहिलीची होडी करतात. एका वेळी तीन-चार माणसं बसतात, पोहणारे बाहेरून ढकलतात.

आकाराम दारात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. म्हैस उंच ओट्यावर.

"तात्या, बसा की आत," ऋतुराज म्हणाला.

"काहिलीत? माझाच गूळ कराय निघालास व्हय रं?"

"चेष्टा नगं. पानी चढाय लागलंय."

"रेघ बघ. पानी हातभर खाली हाय अजून. हिला सोडून कुठं येऊ? हिच्यावरच तर चूल पेटतीया."

धोंडुबाई चिडली. "अवो, म्हशीपायी जीव देतासा काय?"

"तू हो म्होरं. म्हाताऱ्यांस्नी ने संगं. दुसऱ्या खेपेला येतो की."

शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि धोंडुबाई माझ्यात बसल्या. त्यांना टेकाडावर उतरवून आम्ही परत फिरलो. पण पाण्याची ओढ इतकी वाढली होती की गल्लीच्या तोंडाशीच मी गरगर फिरू लागले. मुलं थकली. जीव तोडून आम्ही पोचलो, तेव्हा रेघ असलेली भिंतच पडली होती. म्हैस पोहत रस्त्याला लागली. आकाराम मातीखाली सापडला.

पुढच्या वर्षी केरबांनी गुऱ्हाळ बंद केलं. आता पावसाळा आला की मला बाहेर काढून ठेवतात. पाहुणे येतात, माझे फोटो काढतात, गावकऱ्यांच्या हिमतीची तारीफ करतात. २०२१ च्या पुरानंतर धोंडुबाई एकाला म्हणाली, "पावणं, काहिलीचा फोटू नगं. वरच्या अंगाला जागा द्या आधी." पाहुण्यानं मान हलवली आणि तिचाही फोटो काढला. ती अजून खालच्याच गल्लीत राहते.

मित्रांनो, माझं काम गूळ करायचं. माणसं वाचवण्यासाठी मला घडवलेलं नाही. मला घासूनपुसून ठेवू नका, माझं कौतुक तर अजिबात नको. पाणी यायच्या आधी खालच्या गल्लीतल्या माणसांना वर घर द्या, आणि त्यांच्या जनावरांनाही जागा द्या. नाहीतर पुढच्या खेपेलाही कुणीतरी दारात उभा राहील आणि मी उशिरा पोचेन.

आकाराम गेला तो दिवस ७ ऑगस्ट २०१९, बुधवार.