सगळ्यात कमी उजेड

आपल्याला अंधुक उजेडात दिसत नाही, ही गोष्ट वायरमननं दीड वर्ष लेकीपासून लपवून ठेवली होती. दोघं जोडीनं कामं करायची. लेक त्याच्याच हाताखाली शिकली आणि बघता बघता बापाच्या वरचढ झाली, याचा त्याला कोण अभिमान! पण तिला कळलं तर ती तिथल्या तिथे हातातली पक्कड काढून घेईल, हेही तो ओळखून होता. आणि पक्कड गेल्यावर दिवसभर करायचं काय? डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आधी अंधुकातलं जाईल, मग सगळंच. संध्याकाळी स्कूटर लेकीच्या हाती देताना तो गुडघ्याचं नाव पुढे करायचा. गुडघा बिचारा ठणठणीत होता.

आजचं काम एका आजारी आजींच्या खोलीतलं. आजींना उजेड सोसत नव्हता आणि काळोखात त्यांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून सुनेनं दिवे कमी-जास्त करणारे डिमर बसवायला सांगितले होते. छतावरचे दिवे, भिंतीवरचे, पलंगाजवळचा आणि न्हाणीच्या वाटेवरचा, अशी चार सर्किटं एकाच बोर्डवर आणायची होती.

"उंबरा उंच आहे, जपून," आत शिरताना त्यानं लेकीला बजावलं होतं.

मेन बंद करून, पडदे सारून, भर दुपारच्या उजेडात त्यानं जोडणी केली. प्रत्येक सर्किटच्या वायरींना दोरा बांधला, पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. लेकीला वाटायचं, बाबांची ही जुनी खोड. खरं तर डोळ्यांनी दगा दिला तर बोटांना कळावं, म्हणून ती सोय होती. जोडणीत कुठे म्हणून खोट निघाली नाही.

मग आजींना पलंगावर आणून निजवलं, पडदे ओढले, लेकीनं बाहेर मेन चालू केला. आता राहिलं होतं शेवटचं. डिमरच्या नॉबशेजारी एक बारीक स्क्रू असतो. नॉब पार खाली असताना दिवा किती मंद राहावा, ते त्यावर ठरतं. त्याला मीटर लागत नाही, नजर लागते. त्यानं चारही नॉब तळाला नेले आणि दिवे जेमतेम दिसतील इतके स्क्रू फिरवले. झकास जमलं म्हणून तो मनात खूश झाला.

"अहो, डोळे जळतात माझे," आजी कळवळल्या. त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला.

लेक दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, नॉब पार खाली आहेत ना?"

"तळाला. याहून कमी म्हणजे बंदच समज."

तिनं एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ती म्हणाली, "सरका जरा."

तिनं एकेक स्क्रू मागे घेतला. त्याच्यापुरती आधी भिंत गेली, मग छत, मग पलंग.

"जास्त फिरवलास. विझले सगळे," तो म्हणाला.

पलंगावरून आजींचा आवाज आला, "आता कसं बरं वाटतंय. दिसतंय सगळं. काका, तुमच्या शर्टाचं मधलं बटण तुटलंय हो."

त्याचा हात छातीकडे गेला. बटण नव्हतं.

"केव्हापासून?" लेकीनं हळूच विचारलं.

"दीड वर्ष झालं."

ती ओरडेल म्हणून त्यानं कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त त्याच्या मुठीतली पक्कड सोडवून घेतली, आणि त्याला भडभडून आलं.

लेकीनं त्याचा कोपर धरला. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "उंबरा उंच आहे, बाबा. जपून."