वाचून दाखवलेला पत्ता

चारुदत्तने पोह्यांची ताटली कोपराने बाजूला सारली आणि लॅपटॉप प्रमिलाकडे वळवला. पडद्यावर एक बैठं घर होतं आणि घरासमोरून पाण्यात गेलेली लाकडी जेट्टी.

“ही जागा बघ. खोलीतून निघायचं, टाकी पाठीला लावायची, थेट पाण्यात. बोटीची कटकट नाही.”

“छान आहे.”

“नुसतं छान? अगं, बोनेर बेट आहे ते! तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे दगड ठेवलेत. दगड दिसला की गाडी थांबवायची आणि डाइव्हला उतरायचं.”

ईशानी फ्रिज उघडून उभी होती. “बाबा, जस्ट स्नॉर्केल ना. सेम फिश.”

“वरून मासे बघायला कॅरिबियनपर्यंत कशाला जायचं? मॉलमधलं मत्स्यालय काय वाईट आहे?”

ईशानीने आईकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ज्यूसचा ग्लास घेऊन खोलीत गेली.

मार्चमध्ये रुवैसच्या रिफायनरीत शिडी चढताना चारुदत्तचं उजवं फुप्फुस आपोआप मिटलं होतं. बरं झाल्यावर अबुधाबीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: काही महिन्यांनी विमान चालेल, पाण्याखाली मात्र कधीच नाही. प्रमिला शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. दरवर्षी ती मोठ्या सिरिंजमध्ये एक चिमुकला फुगा ठेवून सिरिंजचं तोंड बंद करायची आणि दट्ट्या ओढायची. दाब कमी झाला की फुगा फुगायचा, मुलं टाळ्या वाजवायची. पाण्यातून वर येणाऱ्या माणसाच्या छातीतही हेच होतं. यंदा तिने दट्ट्या अर्ध्यावर सोडला आणि ती फळ्याकडे वळली.

हे तिने चारुदत्तला एकदा सांगितलं होतं, चित्र काढून. त्याने सगळं ऐकून घेतलं, “कळलं” म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात गणपती मंडळातल्या एका डॉक्टरकडून ‘डाइव्हिंगसाठी तंदुरुस्त’ असं लिहून आणलं.

“अहो, ते हाडांचे डॉक्टर आहेत,” ती म्हणाली होती.

“एमबीबीएसला सगळे सगळंच शिकतात. आणि आपला माणूस आहे. आरतीला शेजारी उभा असतो माझ्या.”

त्यानंतर ती भांडली, रडली, दोन दिवस बोललीच नाही. तो रुवैसला गेला, शुक्रवारी परत आला, आणि शनिवारी सकाळी पुन्हा लॅपटॉप उघडून बसला. अकरा वर्षं तो फुजैराच्या समुद्रात उतरत होता. तिथून आला की दिवसभर कमी बोलायचा, आणि ते कमी बोलणं तिला आवडायचं.

डाइव्ह शॉप निवडताना मात्र तो मोठ्याने वाचायचा. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, शेवटी ईमेलचा पत्ता, एकेक अक्षर सुटं करून. कंट्रोल रूममध्ये राहून लागलेली सवय, असं ती समजत होती. तिथे वॉकी-टॉकीवर आलेली सूचना ऐकणाऱ्याने जशीच्या तशी परत म्हणायची असते. म्हटली नाही, तर ती पोचलीच नाही असं धरतात.

पहिल्या दुकानाचा पत्ता तिने ऐकला आणि सोमवारी स्टाफरूममध्ये बसून त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. माझ्या नवऱ्याचं फुप्फुस एकदा मिटलेलं आहे. त्याच्याकडे सर्टिफिकेट असेल. कृपा करून त्याला पाण्यात नेऊ नका. मी लिहिलंय हे त्याला सांगू नका. दुसऱ्या दुकानालाही तेच. बेटावर अशी किती दुकानं असतील, हे तिने मोजलं नव्हतं.

“दुसऱ्या दुकानाच्या त्या डच बाईचा नकार आला,” चारुदत्त पडद्याकडे बघत म्हणाला. “पहिल्या दुकानाच्या योहान्सचा आधीच आला होता. सर्टिफिकेट पुरेसं नाही म्हणे.”

प्रमिलाने पोह्यातली मिरची उचलून ताटलीच्या कडेला ठेवली. “नियम कडक असतील तिकडे.”

“असतील.” त्याने चष्मा वर सरकवला. “हा तिसरा. हा काही विचारत नाही. सही करा आणि या, म्हणतो.”

खाली मरीनाच्या पाण्यातून एक पर्यटकांची बोट गाणी वाजवत गेली. काच बंद असूनही ढोल ऐकू येत होता.

चारुदत्तने पत्ता वाचायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा हळू. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. शेवटचं अक्षर संपलं तरी त्याने लॅपटॉप मिटला नाही.

“ऐकलास?”

“हो.”

“परत म्हण.”

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. पालथा तळवा त्याने छातीच्या उजव्या बाजूवर, शर्टाच्या बटणांशेजारी ठेवला होता, जणू तिथे काही चिकटलंय आणि ते पडू नये.

“अहो…”

“‘नको’ म्हणणं माझ्याच्याने होणार नाही, प्रमिला,” तो म्हणाला. “तू परत म्हण.”

तिने पत्ता म्हणायला सुरुवात केली. मध्ये एक अक्षर चुकलं. चारुदत्तने ते दुरुस्त केलं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.