पुसलेली द्राक्षं

बांधापलीकडे पांढरा खांब. वर गरगरणाऱ्या तीन वाट्या.

ओझरहून उठलेलं विमान. खाली कुणी मान वर करत नाही.

"खांबाला घड लागतात का?" चहा पिता पिता निवृत्ती.

मोबाईलमध्ये पूजा हसतेय. भोवती शहरातल्या बायका, गॉगल डोक्यावर.

एक मऊ, ओला, सुती फडका.

फडका छायाच्या हातात होता. निवृत्तीची बायको छाया. पूजा तिची धाकटी जाऊ. वाटणीत बाग मधोमध तुटली, तरी माती तीच, पाणी तेच, द्राक्षाची जातही तीच. खांब मात्र पूजाच्या वाट्यात. तो हवा मोजतो, रोग येणार असेल तर मोबाईलवर सांगतो, मग पूजा तेवढ्यापुरतीच फवारणी करते. कधी केली, कशाची केली, तेही गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकते. दर रविवारी शहरात, गंगापूर रोडच्या एका सोसायटीत तिची द्राक्षं जातात. तिथल्या बायका तिला नावाने हाक मारतात.

छायाला हेवा वाटत नव्हता.

खोडा ते वाक्य. वाटत होता. जेवताना, धुणं पिळताना, पूजाची गाडी फाटकातून बाहेर पडताना. छायाचा माल व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढायचा आणि संपायचा. तिची द्राक्षं कोण खातं, हे तिला ठाऊक नव्हतं. एकदा तरी कुणी म्हणावं, छायाताई, गोड होती हो.

म्हणून शनिवारी, पूजाच्या एक दिवस आधी, ती स्वतः त्याच सोसायटीकडे निघाली.

निघण्याआधी घड पुसत बसली. मण्यांवर पांढरा थर असतो. तो वेलीचाच, निसर्गाचा. व्यापारी तो बघून भाव देतो. पण शहरातल्यांना ते औषध वाटणार, छायाला खात्री होती. त्यांना काय कळतंय?

"काचेच्या गोट्या केल्या तू," निवृत्ती म्हणाला.

"गप बसा. तुम्हाला नाय कळायचं. त्यांना चकचकीत लागतं."

सोसायटीच्या फाटकाशी क्रेट उघडताच निकिता नावाची एक तरुण बाई आली. घड उचलला, उन्हात धरला.

"ही पुसलीत का?"

"सोच्छ केली, ताई. खा की, लय गोड हायेत."

"पण यांच्यावरचं पांढरं कुठे गेलं? आमच्या पूजाताई सांगतात, ते असलं की समजायचं, हात लागलेला नाही."

आमच्या.

मागच्या आजी म्हणाल्या, "राहू दे गं. उद्या पूजा येईलच की."

निकिताने घड परत ठेवला, अगदी हळू. मग सहज विचारलं, "तुम्हीही ओझरकडच्याच ना? पूजाताईंना ओळखता?"

"नाय," छाया म्हणाली. "कोण पूजा?"

क्रेट भरलेलेच परत आले. गोठ्याच्या मागे, ताडपत्रीखाली गेले.

संध्याकाळी पूजा बांधावर आली. "ताई, उद्या माझ्यासंगं चला ना. तिथं लय मागणी हाय, माझा माल पुरत नाय. तुमचा घेऊ. तुमची वळख करून देते सगळ्यांशी."

हेच तर हवं होतं. पण तिच्या हातून नको.

"आमचा माल गेला व्यापाऱ्याला," छाया म्हणाली.

"सगळा?"

"सगळा."

खांबावरच्या वाट्या फिरत होत्या. "बरं," पूजा म्हणाली आणि गेली.

रविवारी तिची गाडी फाटकातून बाहेर पडली, तेव्हा छाया ताडपत्री नीट करत होती. खालचे पुसलेले मणी ओलसर, मऊ पडले होते.

घडाला हात न लावता देठाला धरून कात्री कशी चालवायची, हे पूजाला तिच्या लग्नाच्या वर्षी छायानेच शिकवलं होतं.